बिस्किटं बंद

४ जुलै १९८३, सोमवार

बिस्किटं बंद! ब्रेड बंद, टोस्ट बंद, खारी बंद, फरसाण बंद, डालडा बंद, साखर तर बंदच बंद.

डॉक्टरांनी आत्याबाईंची लघवी त्या निळ्या औषधात घालून उकळली आणि नळी माझ्या डोळ्यांपुढे धरली. पार वीटकरी! म्हणाले, "ही बघा तुमच्या सासूबाईंची साखर." दीड महिना झाला, नव्या चपलेचा पट्टा घासून उजव्या पायाच्या करंगळीला जखम झालीय. आम्ही आपले हळद भरत बसलो. जखम जिथल्या तिथे! डॉक्टर म्हणाले, बेकरीचं, पाकिटातलं, डब्यातलं काही द्यायचं नाही. गोळ्या देतो, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. जखम भरली नाही तर आधी बोट जाईल, मग पाऊल.

आधी बोट, मग पाऊल. बसमध्ये घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

आणि आमचं घर कसलं? तर बिस्किटांचं! हे सातपूरला बिस्किटांच्या कंपनीत भट्टीवर. दर महिन्याला कामगारांना तुटक्या बिस्किटांची पाच किलोची पिशवी मिळते, जवळजवळ फुकटच. कंपनीत तिला तुकडा म्हणतात. सकाळी चहाबरोबर तुकडा, विमलच्या शाळेच्या डब्यात तुकडा, पाहुणा आला की बशीत तुकडा, चांदवडला सासरगावी जायचं तर न्यायलाही तुकडाच. कॉलनीत आम्हाला बिस्किटवाले म्हणतात. आणि आत्याबाई! वर दोन दात, खाली एक. भाकरी चावत नाही. कपभर चहात मूठभर चुरा घालायचा, चमच्यानं ढवळायचा, खायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या, तेव्हापासून आठ वर्षं हेच. मीच देत होते की! बरं पडायचं. स्टोव्ह पेटवायला नको, रॉकेलच्या रांगेत उभं राहायला नको.

मलाच बरं पडायचं. हे लिहिताना बरं वाटत नाही.

५ जुलै

उरलेली पिशवी शेजारच्या भागीबाईला देऊन टाकली. चार पोरं आहेत, खातील.

हे कामावरून आले आणि तोंड फुगवून बसले. "कंपनीचा माल काय विषारी आहे का?" विषारी नाही हो. पण तुमच्या आईचं बोट! बारा वर्षं त्या भट्टीपुढे उभे आहेत, बिस्किटाला नाव ठेवलं की यांनाच नाव ठेवल्यासारखं होतं.

८ जुलै

भाकरी आमटीत कुस्करली, अर्धा तास मुरू दिली. "लय बुळबुळीत हाय." ज्वारीच्या कण्या शिजवल्या. "घशात अडकत्यात." मुगाचं कढण केलं. "हे आजाऱ्याचं खानं." अहो, आजारीच आहात तुम्ही!

तीन तास स्टोव्हपुढे गेले. शिवायला घेतलेल्या ब्लाऊजांना हातसुद्धा लागला नाही. बायका मागायला येतात, मी आपली उद्या-उद्या करते. सगळे सांगतात, ताजं खा, घरचं खा. ताज्याला पैसे पडतात आणि घरच्याला माझा जीव! पालेभाजी आणली तर दूध कमी करायचं, दूध घेतलं तर भाजी कमी करायची. बिस्किटाइतकं स्वस्त खाणं दुसरं नाही, हे डॉक्टरांना कोण सांगणार?

९ जुलै

विमल रडत आली शाळेतून. डब्यात पोळी-भाजी दिली म्हणून. "आता माझ्याजवळ कोणी बसतच नाही." आधी पोरी बिस्किटासाठी तिच्याभोवती घोळका करायच्या म्हणे. दहा वर्षांची पोर. मैत्रिणी बिस्किटांच्या होत्या हे तिला आजच कळलं. मी रागावले तिच्यावर. रागवायला नको होतं.

१२ जुलै

आत्याबाई दोन दिवस उपाशी. नुसता बिनसाखरेचा चहा. आज नळावर जाताना चक्कर आली, भिंतीला धरून खाली बसल्या. हे मला म्हणाले, "आईला उपाशी मारतेस काय?"

मी! मी उपाशी मारतेय!! भांडं आपटलं. कढई चेपली. दुसरी कढई घरात नाही.

१३ जुलै

भागीबाई आली होती. रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं सुमन, नागलीची पेज कर की. दात लागतच नाहीत. वरून गूळ घाल, बघ कशी मिटक्या मारत खाते म्हातारी!"

म्हटलं, गूळ चालेल?

"न चालायला काय झालं? साखरेला कारखान्यात औषधं मारतात. गूळ रानातला. बाळंतिणीला देतात, लेकराला देतात. माझा दीर साखरेचाच पेशंट, चहासुद्धा गुळाचा पितो."

पटलं. डॉक्टरांच्या यादीत नागली नाही, गूळ नाही. ना पाकीट, ना डबा, ना बेकरी. नागली भिजत घातली.

१७ जुलै

नागली भिजवा, कपड्यात बांधून मोड आणा, वाळवा. पण वाळेल कशी? आभाळ चार दिवस उघडलं नाही. शेवटी तव्यावर परतली, गिरणीत नेली. गिरणीवाला म्हणाला, एवढ्याशासाठी चक्की लावू का? पाऊण तास उभं केलं मला. घरी येऊन शिजवली, गुठळ्या मोडता मोडता हात भाजला. गूळ घातला, चमचाभर दूध.

आत्याबाईंनी खाल्ली! वाटी बोटानं पुसून खाल्ली. "सुमे, माझ्या मायच्या हातची आठवली गं." इतकं बरं वाटलं! भाजलेला हात विसरले.

२४ जुलै, आषाढी पौर्णिमा

आजपासून वर्षावास. आता तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. आत्याबाई पांढरं लुगडं नेसून लंगडत लंगडत पहिल्या ओळीत जाऊन बसल्या. वाचन छान झालं. मग खीरदान. माझं लक्ष होतंच. खिरीचा द्रोण त्यांच्या हातात गेला, तोंडापर्यंत गेला, आणि मी बायकांच्या ओळीतून उठून तिथे पोचले आणि द्रोण काढून घेतला. म्हटलं, "साखरेची आहे!" जरा मोठ्यानंच म्हटलं गेलं.

सगळ्या बायका बघत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "घे बाई, तूच खा."

मी कशी खाणार? द्रोण तसाच हातात घेऊन उभी. कॉलनीतली कुसाबाई पाठीमागून बोललीच, "एक द्रोण खिरीनं काय मरती व्हय म्हातारी!" खिरीनं नाही मरत, बाई. पण बोट जाईल त्याचं काय? ड्रेसिंगला तू येणार आहेस का? मनातल्या मनात भांडत घरी आले. त्या सगळ्यांना वाटतं सून छळते. वाटू दे.

घरी आल्यावर त्यांना गुळाची पेज करून दिली. मुकाट्यानं खाल्ली.

३० जुलै

बोट जरासं कोरडं वाटतंय. की मलाच वाटतंय?

७ ऑगस्ट

पगार झाला, पिशवी आली! हे हसत हसत घेऊन आले. म्हटलं, आता कशाला? "सगळे घेतात, मी एकट्यानं नको म्हटलं तर साहेब विचारणार, काय रंगनाथ, आपलं बिस्कीट आवडत नाही का?" बरं, आणली ती आणली, दारातच भागीबाईला द्यायची. तर नाही! "तिला किती देशील? पाहुण्यारावळ्यांना लागेल."

पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. आत्याबाई बघत होत्या. बिस्किटांचा वास मात्र कुलपाला जुमानत नाही, दुपारभर घरात दरवळत होता. मलाच इतकी खावीशी वाटली की काय सांगू! नाही खाल्ली.

११ ऑगस्ट

वीटकरी! पुन्हा वीटकरी! पहिल्यापेक्षा गडद.

पाच आठवडे! पाच आठवडे मी भिजवतेय, वाळवतेय, दळतेय, घाटतेय. डॉक्टर म्हणाले, "साखर दिली?" एक कण नाही. "बेकरीचं?" एक तुकडा नाही. "बाहेरचं?" विहारातसुद्धा हातातून काढून घेतलं, डॉक्टर! मग ते आत्याबाईंकडे वळून हसले, "काय आजी, चोरून खाता की काय?"

आत्याबाईसुद्धा हसल्या.

मला नाही हसू आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी इथे राबतेय आणि म्हातारी चोरून खातेय! दुसरं काय असणार? हवेनं वाढते का साखर?

१२ ऑगस्ट

आत्याबाई विहारात गेल्यावर त्यांचं सामान तपासलं. उशीची खोळ काढली. गाठोडं सोडलं. दोन लुगडी, मिसरीची डबी, मामंजींचा एक फोटो, विमल तान्ही असतानाचं तिचं झबलं. बिस्कीट नाही. चुराही नाही. गादी उलटी केली. मग पेटी उघडून पिशवीची गाठ बघितली. मी मारलेलीच गाठ.

मागे वळले तर दारात उभ्या! पाय दुखायला लागला म्हणून अर्ध्यातून परत आल्या होत्या. गादी तशीच उलटी पडलेली. बघितलं आणि म्हणाल्या, "काय घावलं का?"

मी म्हटलं, ढेकूण झालेत.

१३ ऑगस्ट

सबंध दिवस एकमेकींशी बोललो नाही.

१९ ऑगस्ट

भागीबाईच! दुसरं कोण? जुलैतली पिशवी मीच तिला दिलेली. आत्याबाई दुपारी तिच्या ओट्यावर जाऊन बसतात. तिथे बशी पुढे येत असणार! आज नळावर सगळ्यांदेखत विचारलं. घागर खाली ठेवून अशी काही भडकली! "ती पिशवी माझ्या पोरांनी चार दिवसांत फस्त केली. आणि म्हातारीला पेज द्यायची अक्कल कुणी दिली तुला? विसरलीस का?" मग काय काय बोलली ते लिहवत नाही. मीही कमी बोलले नाही. आता ती तिकडे तोंड करून पाणी भरते, मी इकडे.

आत्याबाईंना तिच्याकडे जायची बंदी. आणि दुसरं म्हणजे पेज तीनदा द्यायची, मोठ्या वाटीनं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पोट घरच्यानं गच्च भरलं की बाहेरच्याची आठवणच राहणार नाही. गुळाची ढेप आणली, किलोकिलोनं परवडत नाही. शिवणाचे पैसे त्यातच गेले.

२३ ऑगस्ट

हातात सुई धरवत नाही. घाटून घाटून मनगट सुजलंय. सकाळी पेज, मग यांचा डबा, विमलचा डबा, दुपारी पेज, ड्रेसिंग, परत पेज. पूर्वी या वेळेला मी निवांत दोन ब्लाऊज बेतायची. कारखान्यात यंत्रं हजारो माणसांचं खाणं घटकेत करतात आणि मी एका म्हातारीचं करता करता मेटाकुटीला आलेय! एखाद्या दिवशी वाटतं, द्यावा चुरा चहात घालून, व्हायचं ते होऊ दे. मग बोटाची पट्टी सोडते आणि पुन्हा स्टोव्ह पेटवते.

आज पट्टीला वास येत होता.

२ सप्टेंबर

कडेनं काळं पडलंय. नखाजवळ. आधी वाटलं औषधाचा डाग, पुसून बघितला. डाग नाही. आत्याबाई म्हणतात दुखत नाही. डॉक्टर म्हणतात, दुखत नाही हेच वाईट. गोळ्या वाढवल्या. मला बाहेर बोलावून म्हणाले, पथ्य नीट पाळलं जात नाहीये, बाई. तुम्ही लक्ष द्या.

मी लक्ष देत नाही! भर रस्त्यात रडू फुटलं.

४ सप्टेंबर, रविवार

आज घरात रामायण झालं. यांना सगळं सांगितलं. काळं बोट दाखवलं. हे बघून हबकले. मग आईपुढे जाऊन बसले.

"आई, खरं सांग. कुठे खातेस?"

"नाय खात रे."

"मग साखर कशी वाढते?"

"मला काय ठावं?"

"कुणी देतं का? विहारात? ओट्यावर? विमल देते का?" विमल लगेच रडायला लागली. मग हे ओरडले. आजवर आईवर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. "पाय कापतील गं तुझा! तुला कळतंय का? सुमन मरमर मरतेय आणि तू खोटं बोलतेस!"

आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुमे, तू तरी सांग. म्या कधी खोटं बोलले का?"

मी म्हटलं, "साखर खोटं बोलत नाही, आत्याबाई."

वाक्य चांगलं सुचलं असं तेव्हा वाटलं. त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. संध्याकाळी पेज दिली तर उठून गपचूप खाल्ली, वाटी स्वतः विसळून ठेवली.

६ सप्टेंबर

यांनी पेटीतली पिशवी नेऊन कंपनीतल्या सहादूला दिली. साहेबाला सांगितलं, या महिन्यापासून माझं नाव काढा. बारा वर्षांत पहिल्यांदा. यायला उशीर झाला, आल्यावर जेवलेही नाहीत.

आता तर घरात बिस्किटाचा कणही नाही. बघू आता कुठून खातेय!

११ सप्टेंबर

आत्याबाई विहारात जात नाहीत. पाय टेकवत नाही म्हणतात. मला वाटतं, बायकांपुढे जायला लाजतात. बातमी पसरलीच असणार, भागीबाई आहे आणि कुसाबाई आहे. "शकुबाई सुनेला फसवून बिस्किटं खाते!" आठ वर्षांत ज्या बाईनं उष्टा घास कधी टाकला नाही, कुणाची टाचणी कधी उचलली नाही, तिच्याबद्दल हे. पण मग साखर? साखरेचं काय?

दुपारी मी पेज घाटत होते तर आतून म्हणाल्या, "सुमे, लय दमती गं तू. राहू दे एक येळ." इतका राग आला! माझ्या दमण्याची एवढी काळजी आहे तर खरं बोलावं की नाही? मी भरलेली वाटी त्यांच्यापुढे आदळली. "संपवा!" त्यांनी संपवली.

१४ सप्टेंबर

तहान. सारखं पाणी पाणी. तांब्या भरून ठेवला की रिकामा.

१८ सप्टेंबर

काळं वर सरकलंय. पेराच्या वरपर्यंत. विमल आता आजीजवळ झोपत नाही, वास येतो म्हणते. मी तिला एक ठेवून दिली. मग तीही रडली, मीही रडले, आणि आत्याबाई आम्हा दोघींना म्हणाल्या, "कायला रडता? एक बोटच हाय."

२२ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा

सकाळपासून फणफणून ताप. विहारातून खिरीचा डबा आला होता, परत पाठवला. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, इथे थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. हे दुसऱ्या पाळीला गेलेत. निरोप पाठवलाय. रिक्षा सांगितलीय. कपडे भरतेय.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

दवाखान्यात आहे. बाकावर बसून लिहितेय. घाईत पिशवीत वही कशी आली कोण जाणे. बरं झालं आली. कुणाला तरी सांगायलाच हवं.

हे रात्री पोचवून गेले. रजा सांगायला आणि विमलला यांच्या बहिणीकडे सोडायला गेलेत, उद्या सकाळी येतील. बोट काढावंच लागेल. पाऊल वाचेल म्हणतात, बहुतेक.

दुपारी एक डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्याएवढ्याच. आत्याबाईंना तपासलं, पडदा ओढला आणि पडद्याबाहेर मला उभं करून विचारलं, "खायला काय देत होता?" मी धडाधडा सांगितलं. मला सांगायचंच होतं कुणाला तरी! बिस्किटं बंद, ब्रेड बंद, साखरेचा कण नाही, बाहेरचं काही नाही. तीन महिने सगळं घरचं, माझ्या हातचं. नागली मोड आणून, तव्यावर परतून, दळून, मोठी वाटी भरून पेज, तीन वेळा.

"नुसती पेज?"

गूळ घालून, म्हटलं.

"किती?"

मी ओंजळ करून दाखवली. एका वाटीला एवढा.

त्यांनी लिहायचं थांबवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "गूळ काय आणि साखर काय, रक्तात गेल्यावर सारखंच हो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी विचारलंच नाही. डॉक्टर साखर म्हणाले, मी साखर ऐकलं. घरातल्या सगळ्यांना प्रश्न विचारले, शेजारणीला विचारले, पोरीला विचारले, उशीला विचारले. डॉक्टरांना एवढा एक प्रश्न विचारला नाही. रोज तीन वाट्या. त्या दमलीस म्हणाल्या, राहू दे म्हणाल्या, तर आदळून दिली. संपवा म्हटलं.

त्यांनी एक तुकडासुद्धा खाल्ला नव्हता.

पडद्याच्या आत गेले तर आत्याबाई जाग्या होत्या, छताकडे बघत. ऐकलं असणारच. कापडाचा तर पडदा. मला पाय धरायचे होते, पण पायाला तर हात लावता येत नाही! नुसती उभी राहिले. मग म्हणाल्या, "पाणी दे जरा."

उद्या हे आले की यांना सगळं सांगायचं. भागीबाईला सांगायचं. विहारात सगळ्यांपुढे उभी राहून सांगायचं. काहीही होवो.

२४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी ऑपरेशनला न्यायच्या आधी हे आले. आल्या आल्या मला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? कशानं वाढली एवढी?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याबाईंनी खाटेवरून माझं मनगट धरलं, घट्ट, आणि म्हणाल्या, "तिला काय इचारतो रंगा? म्याच खात होते बिस्कुटं. हिच्या चोरून." यांनी आईकडे बघितलंही नाही, सरळ बाहेर निघून गेले. ऑपरेशनला न्यायची गाडी येईपर्यंत आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं नाही.

मी गप्प बसले.